प्रश्न आधी, पुस्तक मागाहून

अर्थशास्त्र का घेतलं, याचं खरं उत्तर प्रवेश अर्जावर कुणी लिहीत नाही. एमपीएससीला उपयोगी पडतं म्हणून, कॉमर्सच्या यादीत नाव आलं नाही म्हणून, भूगोलाला प्रॅक्टिकलचं झेंगट असतं म्हणून, मामेभाऊ म्हणाला म्हणून. विषय ठरतो तो बहुधा असाच. इतकी वर्षं वर्गात उभं राहून मला यात लाजण्यासारखं काही दिसलेलं नाही. अठराव्या वर्षी विषय निवडताना त्या विषयाची माहिती नसतेच. असती तर तो शिकायचा कशाला? एका कारणाबद्दल मात्र मी आधीच सावध करतो. 'पैसा कसा कमवायचा ते कळेल' म्हणून कुणी येत असेल, तर त्याने आधी आम्हा मास्तरांकडे नीट बघून घ्यावं. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या ठेवी पोस्टात नाहीतर सहकारी बँकेत असतात, आणि त्यातली एखादी बँक बुडाली तर सगळ्यात शेवटी कळतं ते आम्हालाच.

अशा पुस्तकाच्या सुरुवातीला विषयाची व्याख्या देण्याची प्रथा आहे. ती अकरावीतच पाठ करून झालेली असते, म्हणून इथे देत नाही. पाठ झालेल्या व्याख्येने कुणाला शिकावंसं वाटल्याचं मी पाहिलेलं नाही. शिकावंसं वाटतं ते मनात आधीच एखादा प्रश्न ठसठसत असतो म्हणून. हा प्रश्न बहुतेक वेळा घरातला किंवा गावातला असतो, आणि विचारणाऱ्याला तो अर्थशास्त्राचा आहे हे ठाऊकही नसतं.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडमधली उंच सोसायट्यांची वस्ती आहे. हिंजवडीला जाणारी तरुण मंडळी तिथे भाड्याने किंवा कर्जाने राहतात. शंभर वर्षांपूर्वी ते पुण्याजवळचं एक साधं खेडं होतं, आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन त्याची घरोघर पाहणी केली. कुणाची जमीन किती, ती किती ठिकाणी विखुरलेली, विहिरी किती, बैल किती, सावकाराचं देणं किती, बाहेरच्या मजुरीतून किती येतं, असं सगळं टिपून घेतलं. 1917 साली ते पुस्तकरूपाने आलं. त्यातला एक आकडा पुढे फार गाजला: 1771 साली या गावात सरासरी धारणा 40 एकरांची होती, ती 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली होती. गावच्या जमिनीचे सातशेहून जास्त तुकडे पडले होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक एकरापेक्षाही लहान होते. ज्याच्या घरी भावकीच्या वाटण्या झाल्या आहेत, सातबाऱ्यावर नावांची रांग लागली आहे आणि बांधावरून अबोला आहे, त्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

रोग दिसला की औषधही समोर दिसतं. जमीन लहान झाली म्हणून शेतकरी गरीब झाला, तेव्हा वाटण्या थांबवा, तुकडे एकत्र करा, धारणा मोठी करा. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांचं मत या बाजूचं होतं. एका कुटुंबाला बऱ्यापैकी सुखाने जगता येईल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारणा, असं त्यांनी मांडलं होतं. ऐकायला अगदी रास्त वाटतं.

1918 साली 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'मध्ये हिंदुस्थानातल्या लहान शेतांवर एक लेख आला. लेखक 27 वर्षांचा होता आणि त्याच वर्षाअखेरीस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. नाव भीमराव रामजी आंबेडकर. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा लेख वाचावा असं मला वाटतं, कारण सगळे ज्या उत्तरावर थांबले होते तिथून तो सुरू होतो. लहान म्हणता, पण कशाच्या मानाने लहान? कुटुंबाला किती खायला लागतं यावरून शेत लहान की मोठं ते ठरवणं म्हणजे कारखान्याचा आकार मालकाच्या घरी किती तोंडं आहेत यावरून ठरवणं. उत्पादनाच्या बाजूने पाहायचं तर जमिनीला जोड किती भांडवलाची आणि किती श्रमाची आहे, हे बघावं लागतं. चांगली विहीर आणि दावणीला धडधाकट बैल असतील तर दोन एकरही पुरतात. पाणी नाही, औत उसनं आणायचं, तर दहा एकरांचा नुसता भार होतो. शेतकऱ्याकडे अवजारं आणि जनावरं आधीच अपुरी होती. अशा वेळी धारणा मोठी केली तर प्रत्येक एकराच्या वाट्याला भांडवल आणखी कमीच येणार.

एवढ्यावर तो लेख थांबत नाही. जमिनीवर इतकी माणसं का लोंबकळत आहेत, हा त्याचा पुढचा प्रश्न. दुसरीकडे जायला जागा नाही, म्हणून. शेतीत ज्यांच्या हातांना पुरेसं काम नाही अशी ही माणसं आहेत, ती बसून खातात, आणि म्हणून शिल्लक पडत नाही. आंबेडकरांच्या मते यावरचा इलाज उद्योगधंदे वाढवण्यात होता. जमिनीवरचा भार हलका झाला की धारणेचा प्रश्न आपोआप सैल होईल. पुढे 1927 साली मुंबई विधिमंडळात वाटण्यांना आळा घालणारं विधेयक आलं तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. पाच भावांतल्या एकाच्या नावे जमीन केल्याने उरलेले चौघे हवेत विरत नाहीत, ते भूमिहीन मजूर होतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

तुकडेबंदीचा कायदा शेवटी 1947 साली झाला. महाराष्ट्रात तो किती पाळला गेला ते गुंठ्यागुंठ्याने प्लॉट विकणाऱ्यांना विचारावं. आणि पिंपळे सौदागर? तिथली शेती कायद्याने मोठी झाली नाही. पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, मग हिंजवडीला संगणकाचा धंदा आला, आणि माणसं जमिनीवरून उठली. शेवटी जमीनही शेतीतून उठली. म्हणजे 1918 सालचं निदान खरं ठरलं, असं म्हणावं का? अर्धंमुर्धं. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला इमारतीत फ्लॅट मिळाले, दारात गाडी आली. त्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या पण नावावर काही नसलेल्या माणसाला काय मिळालं? हा प्रश्न कुणी नीट मोजून, मान यांच्यासारखं दारोदार जाऊन, आज लिहून काढला तर तो उत्तम प्रबंध होईल. तशा प्रबंधासाठी घरबसल्या आकडे मिळत नाहीत, आणि नेमकं म्हणूनच तो करण्याजोगा आहे.

या पार्श्वभूमीवर कोलंबिया विद्यापीठातली आंबेडकरांची नोंद पाहण्यासारखी आहे. 1913 ते 1916 या काळात त्यांनी तिथे अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध डी.एस्‌सी.साठी मान्य झाला. घटनाकार म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. अर्थशास्त्राच्या वर्गात मात्र त्यांचं नाव फारसं निघत नाही, हा आपल्या अभ्यासक्रमाचा दोष आहे. ज्याला जात माहीत आहे, पाणवठा माहीत आहे, बलुतं माहीत आहे, तो नाणेव्यवस्था आणि प्रांतिक करांचा हिशोब शिकायला एवढ्या लांब का जातो? माझी समजूत अशी की दुःख सांगणं आणि ते कुणाच्या हिशोबातून येतं हे दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी हत्यार लागतं.

त्या हत्याराचा एक नमुना तुमच्या घरातल्या पगारपत्रकावर आहे. महाराष्ट्रात ठरावीक पगाराच्या वर नोकरी करणाऱ्याच्या पगारातून दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो, आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2500. हा शंभराचा फरक का, हे मी वर्गात विचारतो तेव्हा निम्म्या मुलांना आपल्या वडिलांच्या पगारातून असा काही कर जातो हेच माहीत नसतं. (घटनेने या कराला वर्षाला 2500 ची कमाल मर्यादा घातली आहे, बाराने भागून हिशोब नीट बसत नाही, म्हणून फेब्रुवारी.) हा कर 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेला महाराष्ट्र, त्याआधी वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला करून पाहिलेला प्रयोग, 1977 चा कायदा. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, अशी ती कल्पना. 2005 साली देशभर रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचा होता.

पण हमी द्यायची तर किती जणांना? 1971 साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास आला. माणशी रोज 2250 कॅलरी मिळतील एवढं अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर पदरात पडतं ती पातळी शोधायची, आणि तिच्याखाली किती लोक आहेत ते मोजायचं, अशी त्यांची रीत. 1960-61 च्या भावांनी ती रेषा खेड्यात माणशी महिना 15 रुपयांच्या आसपास आणि शहरात साडेबावीस रुपयांच्या आसपास निघाली. खेड्यातले सुमारे 40 टक्के आणि शहरातले सुमारे 50 टक्के लोक तिच्या खाली होते. त्यावर डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली: प्रत्येक शरीराची गरज सारखी नसते, एकाच माणसाची रोजचीही सारखी नसते, मग सरासरी गरजेलाच उंबरठा मानला तर गरिबांची संख्या फुगते. दांडेकरांनी उलट उत्तर दिलं. दोघेही संख्याशास्त्रातले, दोघेही पुण्यात राहणारे, आणि वाद कॅलरीचा. मी विद्यार्थी असताना हा वाद मला रटाळ वाटायचा. मग कधीतरी लक्षात आलं की रेषा एवढीशी वर-खाली सरकली तरी कोट्यवधी माणसं 'गरीब' या यादीत येतात किंवा तिच्यातून जातात, आणि रेशन दुकानाच्या रांगेत कोण उभा राहू शकतो हे अशाच यादीवरून ठरतं. पिवळं कार्ड आणि केशरी कार्ड यांतला फरक ज्याच्या घरात भांडणाचा विषय झालेला आहे, त्याने हे प्रकरण अवश्य वाचावं.

नाशिक, नगर, पुणे जिल्ह्यांतून येणाऱ्या मुलांचा ठसठसणारा प्रश्न बहुधा कांद्याचा असतो. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. 8 डिसेंबरला निर्यातच बंद केली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण टनाला किमान 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क राहिलं. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. अशा काळात हाती आलेली हिशोबपट्टी ज्याने घरी पाहिली आहे, म्हणजे वर मालाची रक्कम, खाली हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं, आणि तळाशी उरलेला आकडा, त्याला सरकार शेतकऱ्याचं वैरी आहे एवढं पुरेसं उत्तर वाटतं. मुंबईत चाळीत वाढलेल्या मुलीला तेच पाऊल शहाणपणाचं वाटतं, कारण तिच्या आईने साठ-सत्तर रुपये किलोने कांदा घेतलेला असतो. दोघांना एका बाकावर बसवून बोलायला लावणं हा माझा आवडता तास आहे.

कांदा महागला म्हणून आपण फार कमी खात नाही, त्यामुळे माल थोडा घटला तरी भाव दुपटीवर जातो. आणि माल थोडा वाढला की भाव तसाच कोसळतो. भाव चढले की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो आणि तो सगळा एकदमच बाजारात येतो. हे चक्र अर्थशास्त्रज्ञांनी आधी जर्मनीत डुकरांच्या भावांत टिपलं होतं, 1928 च्या सुमारास. लासलगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, पण आलेख काढून दाखवला की गप्प होतो. त्यात पुन्हा उन्हाळ कांदा चाळीत टिकतो आणि लाल कांदा टिकत नाही, म्हणजे लाल कांद्याच्या वेळी आलेल्या बंदीचा फटका थांबून वाट बघून टाळता येत नाही. बंदीने शहरातल्या ग्राहकाचे काही रुपये वाचले, ते कुणाच्या खिशातून आले हे आता मोजता येतं. आणि परदेशातला ग्राहक एकदा दुसऱ्या देशाच्या कांद्याकडे वळला की तो परत येईलच असं नाही, हा खर्च तर कुठल्या पट्टीवर दिसतच नाही. बाकावरची दोघं तासाअखेरीस एकमताने उठतात असं नाही. पण निदान आपण कशावर भांडतो आहोत ते त्यांना कळलेलं असतं.

मुलींकडून एक वेगळाच प्रश्न येतो, आणि तो पूर्वी येत नव्हता. फॉर्ममध्ये आईच्या नावापुढे 'व्यवसाय: काही नाही' किंवा 'गृहिणी' असं लिहायचं, मग तिचं दिवसभराचं काम देशाच्या उत्पन्नात कुठे धरतात? धरत नाहीत. खानावळीतली पोळी धरतात, आईची नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जातो असं निघालं. जे पुरुष असं काम करतात त्यांची 97 मिनिटं. ही पाहणी झाली ती कुणाला तरी हा प्रश्न आधी पडला म्हणून. पुस्तकात नाही म्हणून प्रश्न चुकीचा, असं समजणाऱ्यांसाठी न्यायमूर्ती रानडे यांचं 1892 चं डेक्कन कॉलेजातलं भाषण आहे. इंग्लंडमध्ये लिहिलेले अर्थशास्त्राचे नियम कुठल्याही देशाला, कुठल्याही काळात जसेच्या तसे लागू पडतात हे त्यांनी साफ नाकारलं, तेही ज्या काळात ते नियम विद्यापीठात वेदवाक्य म्हणून शिकवले जात होते.

आता अडचणींबद्दल थोडं, कारण त्या लपवून उपयोग नाही. पहिली गणिताची. कला शाखेतून येणाऱ्या बऱ्याच मुलांनी दहावीनंतर गणिताला हात लावलेला नसतो आणि दुसऱ्या वर्षी समोर संख्याशास्त्र येतं. आल्फ्रेड मार्शल केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आला होता. सुट्टीत शहरांच्या गरीब वस्त्यांतून हिंडताना तिथल्या लोकांचे चेहरे पाहून तो या विषयाकडे वळला. आणि गणिताने काढलेलं उत्तर साध्या भाषेत मांडून, त्याला खरी उदाहरणं जोडून, मग गणित जाळून टाकावं, असा सल्लाही त्याचाच. पण जाळायला ते आधी यावं लागतं, हे मुलं सोयीस्कर विसरतात. दुसरी अडचण इंग्रजीची. एम.ए.ला गेल्यावर चांगलं वाचन बहुतेक इंग्रजीत आहे. मराठीत भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीची 'अर्थबोधपत्रिका' आहे, आणखी थोडं काही आहे, एवढ्यावर भागत नाही. शब्दकोश घेऊन रोज दोन पानं, याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. तिसरी अडचण गाईडची आहे, आणि ती आम्हीच निर्माण केली. 'मागणीचा नियम सांगून त्याचे अपवाद स्पष्ट करा' हाच प्रश्न दरवर्षी विचारला तर मुलांनी मूळ पुस्तक का उघडावं?

नोकरीचं विचाराल तर नुसत्या बी.ए.वर फार काही मिळत नाही, हे पालकांनाही सांगतो. एम.ए. किंवा एम.एस्‌सी. केलंत, आकडे हाताळायला शिकलात, तर भारतीय अर्थसेवेची परीक्षा आहे, रिझर्व्ह बँक आहे, संशोधन संस्था आहेत, खासगी कंपन्यांत आकड्यांचं काम आहे. आयआयटींच्या जॅम परीक्षेतही 2021 पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. या वाटांची माहिती परिशिष्टात दिली आहे, तिथे पाहावी.

पुस्तक कसं वाचावं, एवढं शेवटी. प्रकरणं क्रमाने वाचायची सक्ती नाही. शेतीच्या घरातल्यांनी बाजारभावाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, पगारदारांच्या घरातल्यांनी करांच्या. वाचण्याआधी घरातला एक कागद शोधून जवळ ठेवा: हिशोबपट्टी, दूध संघाची फॅट लिहिलेली पावती, पगारपत्रक, बचत गटाचं पासबुक, विजेचं बिल, काहीही चालेल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न त्या कागदावरच सोडवायचे आहेत, म्हणून त्यांची उत्तरं मागे छापलेली नाहीत. पाचवं प्रकरण सरासरी, विचलन आणि निर्देशांकाचं आहे. ते गाळून पुढे गेलात तर सहाव्यात अडकाल. बारावीला गणित नव्हतं त्यांच्यासाठी त्याच्या आधी अपूर्णांक आणि शेकडेवारीची उजळणी दिली आहे. कॅल्क्युलेटर चालेल.